रूटची परवानगी सांभाळणारं अ‍ॅप बिघडलं तर काय बघायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत बसस्टँडमागं आमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, सगळीकडून फोन येतात. त्यात कॉलेजच्या पोरांनी घरी बसून रूट केलेले (म्हणजे कंपनीनं बंद ठेवलेला सिस्टीमचा पूर्ण ताबा मिळवलेले) फोनही असतात आणि तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "भाऊ, रूट गेलं." उघडून बघितलं तर रूट जागेवरच असतं, बिघाड दुसरीकडंच असतो. तोवर पोरानं दोनदा-तीनदा फ्लॅश मारून (सिस्टीमच्या फाईल पुन्हा फोनमध्ये उतरवून) फोन लोगोवर अडकवून ठेवलेला असतो. असे फोन येऊ नयेत म्हणून ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. रूट देणारं आणि त्याची परवानगी सांभाळणारं मॅजिस्क वापरणारे जास्त, म्हणून बोलणंही जास्त त्याच्याबद्दलच आहे.

रूट खरंच गेलंय की नुसतं अ‍ॅप बिघडलंय, हे कसं ओळखायचं?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मॅजिस्कचे दोन भाग असतात. एक भाग फोनच्या बूट पार्टिशनमध्ये, म्हणजे फोन चालू करणाऱ्या मेमरीतल्या कप्प्यात बसतो आणि फोन चालू होतानाच जागा होतो. दुसरा भाग म्हणजे तुम्हाला दिसणारं अ‍ॅप. बोअरची मोटार खाली आणि स्टार्टरची पेटी वर, तसंच हे आहे. पेटीतला दिवा गेला म्हणून कोणी मोटार वर काढत नाही.

तपासायला टर्मक्ससारखं एखादं टर्मिनल अ‍ॅप उघडा, त्यात इंग्रजी एस आणि यू ही दोन अक्षरं टाईप करा आणि एंटर दाबा. ओळीच्या सुरुवातीचं $ जाऊन # आलं तर रूट ठणठणीत आहे. अजून खात्री हवी असेल तर आय-डी टाईप करा, उत्तरात यूआयडी=० दिसलं पाहिजे. इतकं दिसलं तर फ्लॅशिंगचा विचार डोक्यातून काढा, दुखणं अ‍ॅपमध्ये आहे.

'परमिशन डिनाइड' आलं तर बहुतेक वेळा रूट आहे, पण या टर्मिनलला नकार दिलेला आहे. आणि असा प्रोग्रामच सापडत नाही अशा अर्थाचा निरोप आला, तर बूटमधला भाग गेलाय किंवा त्या टर्मिनलपासून तो लपवलेला आहे. लपवण्याचं पुढं येईलच.

मॅजिस्क उघडतं, पण 'इन्स्टॉल्ड'समोर 'एन/ए' दिसतं. आता?

म्हणजे पेटी आहे, मोटार सापडत नाही. कारणं ठरलेली असतात.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे फोनचा अपडेट. अपडेटमध्ये नवी बूट इमेज (बूट पार्टिशनमध्ये बसणारी फाईल) येते आणि पॅच केलेली, म्हणजे मॅजिस्कनं बदललेली जुनी पुसली जाते. कंपनीच्या अपडेटनंतर हे घडणारच, त्यात बिघाड काही नाही. नव्या बिल्डची (सिस्टीमच्या नव्या आवृत्तीची) बूट इमेज पॅच करून टाकायची.

दुसरं कारण, चुकीच्या पार्टिशनमध्ये टाकलेली इमेज. जे फोन बाजारात येतानाच अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचं घेऊन आले, त्यांच्यात बहुधा 'इनिट बूट' नावाचं वेगळं पार्टिशन असतं आणि पॅच त्याच इमेजला करायचा असतो. जुना व्हिडिओ बघून पोरं 'बूट' पॅच करतात. फोन चालू होतो, रूट काही येत नाही. फोन १२ वर आला आणि नंतर १३ झाला, तर त्याला हा नियम लागत नाही. बाजारात कोणत्या अँड्रॉइडसह आला ते बघायचं.

तिसरं म्हणजे स्लॉट. नव्या फोनमध्ये ए आणि बी असे दोन जुळे कप्पे असतात. तुम्ही एकात टाकलं आणि फोन दुसऱ्यातून चालू झाला, तर हेच दिसणार.

रूट मिळतं, पण फोन रीस्टार्ट केला की जातं. असं का होतं?

फास्टबूटमध्ये (फोन संगणकाला जोडून इमेज टाकायच्या मोडमध्ये) 'फ्लॅश' आणि 'बूट' या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. 'बूट' दिली तर इमेज त्या एका वेळेपुरतीच चालते, फोनमध्ये उतरत नाही. अशा वेळी रूट असतानाच मॅजिस्क उघडून 'डायरेक्ट इन्स्टॉल' करून घ्या, मग ते कायमचं बसतं.

दुसरी शक्यता जुन्या फोनमध्ये जास्त. मॅजिस्कच्या पहिल्या पानावर 'रॅमडिस्क'समोर 'नो' असेल, तर त्या फोनमध्ये मॅजिस्क रिकव्हरी (दुरुस्तीच्या मोडच्या) पार्टिशनमध्ये बसवावं लागतं. असा फोन साधा चालू केला की विनारूट चालू होतो. रिकव्हरीची बटणं दाबून चालू करायचा आणि लोगो आला की बटणं सोडायची, तेव्हा रूटसह चालू होतो. बटण धरूनच ठेवलं तर खरी रिकव्हरी उघडते. सवय लागेपर्यंत दोन-चारदा चुकतं, घाबरू नका.

अ‍ॅप रूट मागतं, पण 'ग्रँट'ची खिडकीच येत नाही.

मॅजिस्कच्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोमॅटिक रिस्पॉन्स' बघा. तिथं 'डिनाय' असेल तर न विचारताच नकार जातो, 'प्रॉम्प्ट' करा. त्याच यादीत 'सुपरयूजर अ‍ॅक्सेस' आहे. तिथं फक्त एडीबी (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) निवडलेलं असेल तर अ‍ॅपना रूट मिळणारच नाही.

नंतर 'रिक्वेस्ट टाइमआउट'. मूळ वेळ १० सेकंदांची असते. फोन संथ असेल तर खिडकी यायलाच उशीर होतो आणि तुमचं बोट पोचेपर्यंत नकार गेलेला असतो. ३० सेकंद करून ठेवा.

शाओमी-रेडमी-पोकोवाल्यांनी अजून एक बघायचं. तिथल्या सिस्टीममध्ये मागे चालणाऱ्या अ‍ॅपला खिडकी उघडायची वेगळी परवानगी लागते आणि 'ऑटोस्टार्ट' वेगळं. मॅजिस्कला दोन्ही द्या, बॅटरी सेव्हरमधून बाहेर काढा. आमच्याकडं खिडकी न येण्याच्या तक्रारीचे निम्मे फोन एवढ्यावरच घरी जातात.

आधी चुकून नकार दिला असेल, तर 'सुपरयूजर' पानावर त्या अ‍ॅपच्या नावासमोरचं बटण बंद दिसेल. ते चालू करा. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं असेल तर जुनी परवानगी लागू होत नाही, नव्यानं द्यावी लागते. त्यात चुकीचं काही नाही, उलट तसंच असायला हवं.

खिडकी येते, पण 'ग्रँट' दाबलं जात नाही.

या प्रश्नासाठी मी एक अख्खी दुपार घालवलेली आहे. गंगाखेडची एक पोरगी फोन घेऊन आली होती. खिडकी यायची, 'डिनाय' दाबलं जायचं, 'ग्रँट'वर बोट टेकवलं की काहीच नाही. मी टच तपासला, काच पुसली, मॅजिस्क काढून पुन्हा टाकलं. पडदा किंचित पिवळट दिसतोय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा चार वाजून गेले होते. रात्री अभ्यास करताना डोळ्यांना त्रास नको म्हणून तिनं निळा प्रकाश कमी करणारं एक अ‍ॅप टाकलं होतं. असं अ‍ॅप सगळ्या पडद्यावर एक पातळ रंगीत थर पसरून ठेवतं. आणि खिडकीवर दुसऱ्या कुणाचा थर असेल तर मॅजिस्क होकाराचं बोट मानतच नाही. कुणी खोटं चित्र वर ठेवून तुमच्याकडून होकार दाबून घेऊ नये, म्हणून ही राखण आहे. ते अ‍ॅप बंद केलं आणि पहिल्याच बोटाला 'ग्रँट' लागलं.

तेव्हा रंग बदलणारी अ‍ॅप, पडद्यावर तरंगणारे चॅटचे गोळे, स्क्रीन रेकॉर्डरचं तरंगतं बटण, हे सगळं आधी बंद करा. सेटिंग्जमध्ये 'टॅपजॅकिंग प्रोटेक्शन' बंद करायची सोय आहे, पण ती वापरू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे. रूट म्हणजे घराची मुख्य किल्ली.

बाकी सगळ्या अ‍ॅपना रूट मिळतं, एकालाच 'रूट नाही' दिसतं.

'डिनायलिस्ट' उघडा. 'एन्फोर्स डिनायलिस्ट' चालू असेल आणि त्या अ‍ॅपवर टिक असेल, तर मॅजिस्क त्याच्यापासून स्वतःला लपवतं. मग त्याला रूट दिसणार कसं? घाईत सगळी यादी टिक करणारे बरेच आहेत, त्यात बॅकअपचं अ‍ॅप आणि टर्मिनलही जातं. टिक काढा, अ‍ॅप फोर्स स्टॉप करा, पुन्हा उघडा.

फोनवर सेकंड स्पेस किंवा दुसरा यूजर असेल तर तिथल्या अ‍ॅपना रूट न मिळणं हे ठरवूनच ठेवलेलं असतं. सेटिंग्जमधलं 'मल्टियूजर मोड' बघा.

'अ‍ॅब्नॉर्मल स्टेट' असा निरोप येतो. काय समजायचं?

निरोपाखालची ओळ पूर्ण वाचा, कारण तिथंच लिहिलेलं असतं. मॅजिस्कचा नसलेला दुसराच 'एस-यू' सापडला असं म्हणत असेल तर फोनमध्ये आधीच्या रूटचं उरलंसुरलं आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, जुनं काढूनच पुढं जायचं. अ‍ॅप मेमरी कार्डवर हलवलं असेल तरी हाच निरोप येतो. ते फोनच्या स्वतःच्या मेमरीत आणा.

मॅजिस्क लपवलं होतं, आता सापडतच नाही.

'हाइड'चा पर्याय वापरला की अ‍ॅप वेगळ्या नावानं पुन्हा तयार होतं. नाव बदललं नसेल तर ते 'सेटिंग्ज' या नावानं असतं, म्हणून फोनमध्ये दोन सेटिंग्ज दिसतात. ते सापडलं तर त्यातूनच 'रिस्टोअर' करा. ते लपलेलं असतानाच मूळ अ‍ॅपही टाकलं की दोघांचा गोंधळ होतो. आणि बूटमधला भाग गेलेला असेल तर लपवलेलं अ‍ॅप चालतच नाही. ते काढून टाका, मूळ अ‍ॅप टाका, मग रूटकडं वळा.

मॉड्यूल (मॅजिस्कमधून टाकायची जोडणी) टाकलं आणि फोन लोगोवरच फिरायलाय. डेटा वाचेल का?

वाचतो, फक्त हात आवरा. फॅक्टरी रीसेट हा पहिला नाही, अगदी शेवटचा उपाय.

आधी सेफ मोड. बऱ्याच फोनमध्ये चालू होताना आवाज कमी करायचं बटण धरून ठेवलं की सेफ मोड येतो. मॅजिस्क तो ओळखतं आणि सगळी मॉड्यूल बंद करतं. नंतर फोन साधा रीस्टार्ट करा, मॉड्यूल बंदच राहतात. मग एकेक चालू करून दोषी कोण ते बघा.

सेफ मोड येत नसेल आणि यूएसबी डीबगिंग आधीच चालू असेल, तर संगणकाला जोडून एडीबीच्या शेलमधून 'मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्यूल्स' ही आज्ञा द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत). फोन लोगोवर असतानाही एडीबी जागी झालेली असली तर हे लागतं.

तेही नाही जमलं तर फास्टबूटमधून कंपनीची मूळ बूट इमेज टाका. फोन विनारूट चालू होतो, फोटो-व्हॉट्सअ‍ॅप सगळं जागेवर असतं. इथं एक खड्डा आहे. मॉड्यूल बूटमध्ये राहत नाही, डेटामध्ये राहतं. मूळ बूटनं फोन चालू झाला म्हणून खूश होऊन लगेच पॅच केलेली इमेज पुन्हा टाकली, तर तेच मॉड्यूल पुन्हा जागं होतं आणि फोन पुन्हा लोगोवर. म्हणून आधी फोटो आणि कागदपत्रं संगणकावर काढून घ्या, आणि नव्यानं रूट केल्यावर पहिल्यांदा चालू करतानाच सेफ मोड धरा.

मूळ बूट इमेज कुठली घ्यायची? मॉडेल तेच असलं की झालं ना?

नाही. मॉडेल, बिल्ड नंबर, शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं जुळलं पाहिजे. ही चूक माझ्या हातून झालेली आहे. सेलूच्या एका पोराच्या फोनवर मी त्याच मॉडेलची, पण मागच्या महिन्याच्या बिल्डची पॅच केलेली इमेज टाकली. फोन चालू झाला, वायफाय उघडेना, स्पीकर मुका. त्या पोराला सातच्या गाडीनं परत जायचं होतं आणि मी साडेआठपर्यंत बरोबर फर्मवेअर (कंपनीची पूर्ण सिस्टीम) डाउनलोड होण्याची वाट बघत बसलो होतो. त्याची ती गाडी चुकली, दुसऱ्या गाडीनं रात्री उशिरा पोचला. तेव्हापासून दुकानात आलेल्या प्रत्येक रूटच्या फोनची मूळ बूट इमेज बिल्ड नंबरचं नाव देऊन मी वेगळी ठेवतो. तुम्हीही फोनच्या बाहेर, संगणकात किंवा पेनड्राइव्हमध्ये एक ठेवा. फोनमध्येच ठेवलेली इमेज फोन बंद पडल्यावर काय कामाची?

रूट ठेवून कंपनीचा अपडेट कसा घ्यायचा?

ए-बी स्लॉटच्या फोनमध्ये क्रम असा. मॅजिस्कमध्ये 'अनइन्स्टॉल' आणि त्यात 'रिस्टोअर इमेजेस'. रीस्टार्ट करू नका. अपडेट उतरवून बसू द्या. तो रीस्टार्ट मागेल, तेव्हाही करू नका. परत मॅजिस्कमध्ये येऊन 'इन्स्टॉल टू इनअ‍ॅक्टिव्ह स्लॉट' करा आणि मगच रीस्टार्ट. मधेच वीज जायची भीती असेल तर बॅटरी भरलेली असू द्या. संगणकावरून काही फ्लॅश करत असाल तर आपल्याकडचं भारनियमनाचं वेळापत्रक बघूनच बसा, नाहीतर लॅपटॉपवर करा.

सॅमसंगचं वेगळं आहे. तिथं रूट करताना नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा) आकडा ०x१ होतो आणि तो पुन्हा शून्य होत नाही, सिक्युअर फोल्डर कायमचं जातं. नवं फर्मवेअर पूर्ण उतरवायचं, त्यातली एपी फाईल मॅजिस्कनं पॅच करायची आणि ओडिन या संगणकावरच्या प्रोग्रामनं टाकायची. डेटा ठेवायचा असेल तर 'होम सीएससी' निवडा. साधी 'सीएससी' निवडली की फोन कोरा होतो.

रूटनंतर पैशाची अ‍ॅप बंद पडली. काय करू?

ऐन सोयाबीन काढणीत मानवतकडचे एक मामा दुकानात आले. पुतण्यानं हौसेनं फोन रूट करून दिला होता. मजुरांचे पैसे संध्याकाळी पाठवायचे होते आणि पैशाचं अ‍ॅप 'हा फोन सुरक्षित नाही' म्हणून उघडेना. मामा बाकावर टोपी हातात घेऊन बसले होते, एवढंच म्हणाले, "माणसं बांधावर थांबलीत." त्या दिवशी मी मूळ बूट इमेज परत बसवली, तरी त्या अ‍ॅपचं समाधान झालं नाही. बूटलोडर (फोन चालू करणारा पहिला प्रोग्राम) उघडा असला तरी काही अ‍ॅप अडतात. शेवटी त्यांच्या मुलाच्या फोनवरून काम भागलं.

मागची यंत्रणा समजून घ्या. पूर्वी फोन तपासायला गुगलचं सेफ्टीनेट होतं, त्याची जागा प्ले इंटिग्रिटीनं घेतली. ती बेसिक, डिव्हाइस आणि स्ट्राँग अशा तीन पायऱ्यांवर फोन तपासते, आणि त्यातली सगळ्यात कडक तपासणी फोनच्या चिपमधल्या सहीवर चालते. जॉन वू या तैवानी तरुणानं २०१६ मध्ये मॅजिस्क आणलं, आणि पुढं लपवण्याची सोयही त्यातच आली. २०२२ च्या २४ व्या आवृत्तीत ती काढून झायगिस्क (अ‍ॅपच्या आत मॅजिस्कचा कोड चालवायची सोय) आणि डिनायलिस्ट आली. डिनायलिस्टनं काही अ‍ॅप शांत होतात, काही होत नाहीत, आणि आज चाललेलं उद्या बंद पडतं.

पैशाचा फोन आणि प्रयोगाचा फोन वेगळा ठेवा. ज्याच्यावर घर चालतं, पीक विमा आणि बँकेचे ओटीपी येतात, तो फोन रूट करू नका. कुणा दुसऱ्याचा तर मुळीच नको.

कर्नलएसयू टाकलंय, पण एकही अ‍ॅप परवानगी विचारत नाही.

कर्नलएसयू म्हणजे कर्नलमधून, सिस्टीमच्या गाभ्यातून रूट देणारा दुसरा मार्ग. ते विचारतच नाही. मॅजिस्कसारखी खिडकी तिथं येत नाही. मॅनेजर उघडून 'सुपरयूजर'च्या यादीतून तुम्हीच अ‍ॅपला परवानगी द्यायची. परवानगी नसलेल्या अ‍ॅपला रूट असल्याचा पत्ताच लागत नाही.

मॅनेजर 'नॉट इन्स्टॉल्ड' म्हणत असेल तर कर्नलची आवृत्ती बघा. अधिकृत कर्नलएसयूला ५.१० किंवा त्यापुढचा जीकेआय (गुगलचा सगळ्या कंपन्यांसाठी समान) कर्नल लागतो. आणि कर्नल एकाचा, मॅनेजर दुसऱ्याच शाखेचा असं टाकलं असेल तर कर्नल मॅनेजरची सही तपासून त्याला ओळखच देत नाही. दोन्ही एकाच ठिकाणचे घ्या. इथंही मॉड्यूलनं फोन अडकला तर पहिला लोगो गेल्यावर आवाज कमी करायचं बटण तीनपेक्षा जास्त वेळा दाबा, सेफ मोड येतो.

जुन्या फोनमध्ये सुपरएसयू आहे, 'बायनरी नाही' म्हणतं.

सुपरएसयू चेनफायर या नावानं ओळखल्या जाणाऱ्या डेव्हलपरचं रूटची परवानगी सांभाळणारं जुनं अ‍ॅप, एके काळी घराघरात होतं. आता त्याचा सांभाळ कुणी करत नाही. एका क्लिकमध्ये रूट देणाऱ्या अ‍ॅपनी टाकलेलं स्वतःचं 'एस-यू' फोनमध्ये असेल, तर सुपरएसयूला स्वतःचं बसवता येत नाही. अशा फोनला पूर्ण फर्मवेअर मारून कोरा करणं हेच कमी वेळाचं काम आहे, नंतर जमत असेल तर मॅजिस्क.

मॅजिस्क कुठून घ्यावं?

गिटहबवरच्या त्याच्या अधिकृत पानावरून, बस्स. प्ले स्टोअरवर ते नाही. त्याच्या नावानं छान सजवलेल्या वेबसाइट बऱ्याच आहेत, आणि घराची मुख्य किल्ली अशा अनोळखी हातात देऊ नका. २०२१ च्या २२ व्या आवृत्तीपासून अ‍ॅप आणि रिकव्हरीतून टाकायची झिप ही एकच फाईल आहे, नावाच्या शेवटचं .apk बदलून .zip केलं की काम होतं. वेगळी झिप शोधत फिरायची गरज नाही. अ‍ॅपची आणि बूटमधल्या भागाची आवृत्तीही एकच ठेवा. एक नवं आणि एक जुनं असलं की अ‍ॅप उघडता-उघडता बंद पडू शकतं.

रूट पूर्ण काढून फोन पहिल्यासारखा करायचाय.

मॅजिस्कमधून 'कम्प्लीट अनइन्स्टॉल' केलं की मॉड्यूल, परवानग्या आणि बूटमधला भाग, सगळं जातं आणि फोन आपोआप रीस्टार्ट होतो. बूटलोडर मात्र उघडाच राहतो. तो बंद करायचा असेल तर आधी कंपनीचं पूर्ण फर्मवेअर टाका, फोन एकदा नीट चालू होऊ द्या, मग लॉक करा. लॉक करताना सगळा डेटा पुसला जातो, म्हणून फोटो आधीच बाहेर काढा. आणि एकही पार्टिशन बदललेलं असताना लॉक मारू नका. तसा फोन चालूच होत नाही, आणि काही फोन परत अनलॉकही करू देत नाहीत. असे फोन टेबलावर आले की ते परत उठवायला दुकानात माझ्याकडंही नेहमीच मार्ग असतो असं नाही.